इंग्रज शिपायाचा लाल डगला

ऐतिहासिक नाटकाची तयारी सुरू झाली म्हणजे भाषणांतील सनावळी तपासतात, तलवारीची मूठही तपासतात. कापड मात्र बहुधा नुसता रंग पाहून घेतात. गोऱ्या शिपायाला लाल साटीन चढविलें कीं काम झालें! परंतु प्रेक्षागृहांतील मुलें पुस्तकाच्या आधीं डोळ्यांनीं इतिहास शिकतात. म्हणून १८०३ सालच्या असईच्या लढाईंतील इंग्रज शिपायाचा डगला शिवतांना कोणतें लोकरी कापड निवडावें, एवढाच विचार आज करूं.

तें कापड म्हणजे बनात. इंग्लंडांत ती फार रुंद मागावर विणीत. एका विणकराचा हात पलीकडे पोंचत नसे, म्हणून दोघे बसत. १७३३ सालीं जॉन के यानें धांवता धोटा काढल्यावर एकट्याचें काम भागूं लागलें. परंतु बनातीला खरें रूप येई तें विणल्यानंतर. ओलें कापड मुलतानी मातीसारख्या मातींत घालून पाणचक्कीवर चालणाऱ्या लांकडी हातोड्यांनीं कुटीत. लोकरीच्या तंतूला सूक्ष्म खवले असतात. कुटतांना ते एकमेकांत अडकून कापड आटे व घट्ट होई. मग काटेरी बोंडांनीं लव उभी करून ती कातरींनीं सारखी करीत.

निवडीच्या कसोट्या या कृतींतूनच निघतात. कापड उजेडासमोर धरावें. वीण स्पष्ट दिसली तर तें बनात नव्हे. कोपरा कापून बोटांनीं चोळावा. खऱ्या बनातीचे धागे सहसा सुटत नाहींत, म्हणूनच जुने शिंपी पुष्कळ ठिकाणीं कडा न दुमडतां तशाच सोडीत. तिरप्या रेघांची सर्ज येथें चालणार नाहीं. नमदाही नको, तो विणलेला नसल्यामुळें ताणाखालीं फाटतो. एक धागा जाळून पाहावा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो व राख चुरडते; कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. बनात न मिळाल्यास ओव्हरकोटाचें जाड, दाट कापड घ्यावें. कापण्यापूर्वीं त्याला वाफ द्यावी आणि सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवावी.

रंगांतही दर्जा असे. साध्या शिपायाची बनात मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांनीं रंगवीत. ती किंचित विटकरी दिसे. अधिकाऱ्याचा झगझगीत लाल रंग अमेरिकेंतील कोशिनील किड्यांपासून निघे. पहिला यशस्वी कृत्रिम रंग पर्किननें १८५६ सालीं शोधला. म्हणून असईच्या रणांगणावर आजचा भडक रासायनिक लाल शोभत नाहीं.

ही जाड बनात दख्खनच्या उन्हांत आली, तिच्यामागें व्यापार होता. इंग्लंडांतील लोकरवाल्यांच्या आग्रहामुळें ईस्ट इंडिया कंपनीला ती येथें आणून विकावी लागे. पण उष्ण देशांत खप बेताचाच. आपल्याकडे सरदारांच्या घरीं ती घोड्याच्या झुलींना व पालखीच्या आच्छादनांना लागे. मात्र कंपनीच्या देशी शिपायांनाही लाल बनातीचे डगले घालावे लागत. राज्य करणाऱ्यांची हवा व त्यांचा बाजार आपल्या माणसांच्या अंगावर कसा चढला, हें त्या जड कापडावरून जितकें उमगतें, तितकें लांब भाषणानें उमगत नाहीं.

हाच न्याय आपल्या घोंगडीला लावावा. चिंचोक्याची खळ दिलेली धनगरी घोंगडी ताठ उभी राहते. गिरणीची मऊ चादर ती जागा घेऊं शकत नाहीं. पुढच्या नाटकाच्या वेळीं शिंप्याकडे जाण्यापूर्वीं कापडाचा एक कोपरा कापून, चोळून पाहा. पैसे थोडे अधिक पडतील, पण मुलांपुढें खोटा इतिहास उभा राहणार नाहीं.