घाणेवाडीचे पाणी आणि घरामागची टाकी

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. या पाळण्याला पाणी कोठून आले, हा इतिहासही आपण आवडीने सांगतो. निजामशाहीच्या काळात जमशेदखानाने काळी मशीद व सराई उभारली, मोती तलाव बांधला आणि तेथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी खेळविले. पुढे निजामी अमदानीत घाणेवाडीचा तलाव झाला; आता जायकवाडीचे पाणीही येते. परंतु आलेले पाणी वापरून झाल्यावर जाते कोठे, हा प्रश्न इतिहासात क्वचितच कोणी विचारतो.

जुन्या गावांचे उत्तर सोपे होते आणि निर्दय होते. सांडपाणी उघड्या गटारात आणि मैला माणसाच्या डोक्यावर! मुंबईत तर या कामासाठी ‘हलालखोर कर’ या नावाचा करच होता. 1949 साली मुंबई सरकारने नेमलेल्या बर्वे समितीने डोक्यावरून मैला वाहण्याची रीत बंद करावी असे सुचविले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी ‘गोपुरी’ संडास रूढ करण्यासाठी आयुष्य वेचले. टोपलीचे संडास जाऊन त्यांच्या जागी टाकी आली ती अशा लोकांच्या खटपटीने, हे विसरता येत नाही.

पण टाकी कोणाची? 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात याचे मोठे मार्मिक उत्तर आहे. पालिकेचे गटार घरापासून शंभर फुटांच्या आत असेल, तर मालकाला आपल्या खर्चाने त्याला जोडण्यास फर्माविता येते. नसेल, तर बंदिस्त कुंड बांधण्यास सांगता येते. म्हणजे रस्त्याखालची मलवाहिनी सार्वजनिक आणि उंबऱ्याच्या आतली मोरी खाजगी. तरीही ती मोरी कशी असावी हे सांगण्याचा अधिकार मात्र पालिकेचा. जालना त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1965 च्या नगरपालिका कायद्याने राज्यातल्या नगरपालिकांना एक कायदा लाभला.

कायदा झाला, तरी भुयारी गटार कायद्याने होत नाही; त्याला पैसा लागतो, उतार लागतो आणि भरपूर पाणी लागते. ज्या गावात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तेथे मलवाहिनी धुऊन निघणार कशी? म्हणून आपल्याकडे घरोघर सेप्टिक टँक आले. त्यात जड भाग तळाशी बसतो, हवेवाचून जगणारे जंतू त्यातला काही भाग खाऊन टाकतात आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. ते पाणी निर्मळ झालेले असते, हा मात्र निव्वळ गोड गैरसमज आहे. शिवाय आपली जमीन पडली काळी! कापसाला ती उत्तम. पण ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. मग टाकीचे तोंड गुपचूप गटारात सोडले जाते आणि गटार कुंडलिकेला मिळते. सीनेची आणि तिची ही दशा कोणा एकाच्या घरची नव्हे. ती सर्वांच्या घरची आहे.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी असे तज्ज्ञ सांगतात. आपण ती तुंबल्यावर उघडतो. आत गंधकाचा विषारी वायू साठलेला असतो. तो फार झाला की नाकाला वासही कळत नाही, आणि उतरलेला माणूस वर येत नाही. शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, मे 2023 मध्ये असे पाच कामगार एकाच टाकीत गेले. अशा सफाईला माणूस उतरविण्यास 2013 च्या कायद्याने बंदी होती, तरीही गेले. बर्वे समितीने ज्यांच्या डोक्यावरचा भार उतरवू पाहिला, त्यांच्याच वंशजांना आपण पुष्कळदा आता खड्ड्यात उतरवितो.

याला दुसरा मार्ग नाही काय? आहे, आणि तो आपल्या राज्यातच काढला गेला. कृष्णाकाठच्या वाईने 2018 पासून आणि नाशिककडच्या सिन्नरने त्यानंतर टाक्या वेळापत्रकाने उपसण्यास आरंभ केला. घरमालकाने बोलाविण्याची वाट न पाहता शोषणयंत्राची गाडी पाळीपाळीने प्रत्येक भागात जाते. साधारण तीन वर्षांत गावाची फेरी पुरी होते. खर्च स्वच्छता करातून भागतो आणि उपसलेला गाळ नदीत न ओतता प्रक्रियाकेंद्रात नेला जातो. गाडी दाराशी आल्यावर मालकाने करावयाचे ते इतकेच, की फरशीखाली पुरलेले टाकीचे झाकण कोठे आहे ते दाखवावे.