रुळांच्या दोन्ही बाजू : मॅकोम्ब गावाची कथा

कापडाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसास अमेरिकेतील मिसिसिपी हे नाव नवे नसते. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध झाले, दक्षिणेकडील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसास एकाएकी सोन्याचा भाव आला, हे आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात नेहमी येई. पुढे त्याच मिसिसिपी राज्यातील मॅकोम्ब या लहानशा रेल्वेगावाचा इतिहास वाचनात आला. आमची पेढीही स्टेशनरोडवरच असल्याने त्या गावाविषयी आपुलकी वाटली. आणि पुढे वाचत गेलो तसा थोडा संकोचही वाटला. ती हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहे.

मॅकोम्ब हे न्यू ऑर्लिन्सच्या उत्तरेस सुमारे १७० किलोमीटरवर वसले आहे. १८७२ साली हेन्री सिम्पसन मॅकोम्ब या रेल्वे कंपनीच्या अध्यक्षांनी दुरुस्तीचे कारखाने न्यू ऑर्लिन्समधून हलवून या रानात आणण्याचे ठरविले. शहरातील दारूच्या गुत्त्यांपासून कामगार दूर राहावेत, असा त्यांचा हेतू सांगितला जातो. पुढे हा मार्ग इलिनॉय सेंट्रल कंपनीकडे गेला आणि शिकागो ते न्यू ऑर्लिन्स या मोठ्या मार्गावरील महत्त्वाचे ठाणे म्हणून गाव नावारूपास आले. गावाची चूल रेल्वेच्या पगारावर पेटत असे. त्यामुळे १९११ साली कारखान्यातील कामगारांनी संप पुकारला आणि कंपनीने बाहेरून माणसे आणली, तेव्हा गावात रक्तपातही झाला.

रुळांनी गावाचे दोन भाग केले होते. पलीकडे बर्गलंड ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती. त्यांची चर्च वेगळी, शाळा वेगळी, दुकाने वेगळी. मतदानाचा हक्क कागदोपत्री सर्वांना होता. परंतु नाव नोंदविण्यासाठी २१ प्रश्नांचा अर्ज भरावा लागे आणि राज्यघटनेच्या २८५ कलमांपैकी अधिकारी दाखवील त्या कलमाचा अर्थ त्याचे समाधान होईल असा लिहून द्यावा लागे. अर्थात, समाधान क्वचितच होई.

या वस्तीत सी. सी. ब्रायंट नावाचे गृहस्थ होते. ते रेल्वेत नोकरीस होते आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष होते. येथे एक गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. ज्याची भाकरी गावातील गोऱ्या मालकाच्या हाती होती, त्याला तोंड उघडणे कठीण होते. ब्रायंट यांचा पगार मात्र दूरच्या कंपनीकडून येई आणि त्यास कामगार संघटनेचे संरक्षण होते. त्यांच्या धैर्यास मी कमी लेखीत नाही. परंतु धैर्यास आर्थिक स्वातंत्र्याचा पाया लागतो, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

१९६१ साली त्यांच्या निमंत्रणावरून बॉब मोझेस हा गणिताचा तरुण शिक्षक गावात आला. बर्गलंडमधील एका किराणा दुकानाच्या वरच्या सभागृहात मतदार नोंदणीचे वर्ग भरू लागले. २५ सप्टेंबर रोजी शेजारच्या परगण्यात या कार्यात साहाय्य करणारे शेतकरी हर्बर्ट ली यांना राज्य विधिमंडळाच्या एका सदस्याने गोळी घालून ठार मारले, आणि पंचांनी ते स्वसंरक्षण ठरविले. बसस्थानकावर गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या ब्रेंडा ट्रॅव्हिस या शाळकरी मुलीस शाळेने पुन्हा घेण्यास नकार दिला. तेव्हा ४ ऑक्टोबर रोजी शंभरांहून अधिक विद्यार्थी वर्ग सोडून नगरभवनाकडे चालत गेले. पुन्हा असे वागणार नाही, असे लिहून देण्यास अनेकांनी नकार दिला. त्यांच्यासाठी त्याच दुकानाच्या वर शाळा भरली आणि मोझेस यांनी गणित शिकविले.

१९६४ च्या उन्हाळ्यात गावात डझनाहून अधिक बाँबस्फोट झाले. घरे उडविली गेली, सोसायटी हिल येथील चर्च उद्ध्वस्त झाले. कार्यकर्त्यांना जेवू घालणाऱ्या अ‍ॅलीन क्विन या उपाहारगृह चालविणाऱ्या बाईंचे घरही सुटले नाही. नऊ जणांनी गुन्हा कबूल केला, तरी न्यायाधीशांनी त्यांची शिक्षा स्थगित ठेवली.

इतके दिवस गावातील सज्जन गोरी मंडळी, म्हणजे दुकानदार, वकील, डॉक्टर, काय करीत होती? बहुतेक गप्प होती. अखेर १७ नोव्हेंबर १९६४ रोजी सुमारे ६५० नागरिकांच्या सह्यांचे निवेदन स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. कायद्याचे राज्य हवे, सर्वांना समान वागणूक हवी, असा त्याचा आशय होता. गावाची बदनामी होऊन व्यापारावर परिणाम होऊ लागला होता, हेही त्यामागचे कारण होते. परंतु त्या सह्यांनंतर वातावरण पालटले, हेही तितकेच खरे.

मला संकोच वाटला तो येथे. गावात तणाव निर्माण झाला की आम्ही व्यापारी प्रथम शटर अर्धे खाली ओढतो आणि वाट पाहतो. मीही तेच केले आहे. त्या वेळी त्यास शहाणपण म्हटले. आज तसे म्हणवत नाही. मॅकोम्बच्या ६५० जणांनी सही केली, ती उशिरा केली. हीच सही तीन वर्षे आधी झाली असती तर किती घरे वाचली असती, हा हिशेब कोणत्याही खातेवहीत मांडता येत नाही.

शाळेतून काढलेल्या त्या मुलांना गावाने २००६ साली सन्मानपूर्वक पदविका दिल्या. जुलै २०२१ मध्ये जुन्या स्टेशनातील रेल्वे संग्रहालयास आग लागून मोठी हानी झाली. त्याच महिन्यात बॉब मोझेस यांचेही निधन झाले. गाव आज सुमारे १२ हजार वस्तीचे आहे आणि शिकागोची गाडी अजूनही तेथे थांबते.

संस्थेची पन्नास वर्षे मोजताना बांधलेल्या इमारती आणि जमविलेला निधी यांचा ताळेबंद आपण अवश्य मांडावा. त्याबरोबर, रुळांपलीकडच्या शेजाऱ्यासाठी आपण कधी आणि किती वेळेवर सही केली, हेही एका कोपऱ्यात नोंदवावे, एवढीच नम्र विनंती.