एका ओळीचं थडगं

इंग्लंडमधल्या पूर्वजांचा शोध घेणारे शेवटी चर्चच्या जुन्या वह्यांपाशी येतात. १५३८च्या हुकुमापासून तिथे बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहिलं जाऊ लागलं.

पोकाहाँटसचंच बघा ना! व्हर्जिनियातल्या पोव्हाटन प्रमुखाची ही लेक, लग्नानंतरची रिबेका रॉल्फ. १६१७ साली मायदेशी परतताना ग्रेव्हसेंडला वारली. तिथल्या सेंट जॉर्ज चर्चच्या वहीत २१ मार्चची नोंद आहे, पण नवरा जॉन रॉल्फऐवजी थॉमस रॉथ! आडनावावरून शोधणारा फसलाच. ओळख पटते ती 'व्हर्जिनियात जन्मलेली' या शब्दांनी. दफन वेदीजवळ झालं, हेही लिहिलंय. पुढे १७२७च्या आगीत चर्च जळालं, थडग्याची खूण गेली. वंशज आजही आहेत. त्यांच्यासाठी उरलीय ती चुकीच्या नावाची ओळ. मला तर तेच तिचं खरं थडगं वाटतं.