अहमदनगरची निजामशाही जलवास्तू व पूरनियंत्रण

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहराच्या परिसरातील नहरी, तलाव व किल्ल्याचा खंदक यांचा पर्जन्यजलाच्या निचऱ्यासाठी व पूरनियंत्रणासाठी होऊ शकणारा उपयोग. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशाह याने सीना नदीच्या डाव्या तीरावर हे शहर वसविले. जिल्हा पर्जन्यछायेत असल्याने तेथे पाऊस कमी पडतो. तथापि सप्टेंबरमध्ये तो थोड्या वेळात जोराने कोसळतो. टंचाई आणि पूर या दोन्ही आपत्ती त्यामुळे एकाच वर्षी संभवतात. निजामशाही जलवास्तूंची रचना मुख्यतः पहिल्या आपत्तीवर उपाय म्हणून झाली होती.

कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार इ. गावांच्या बाजूंनी जमिनीखालील नहरींतून व खापरी नळांतून उताराने शहरात पाणी आणीत. फराहबागेतील अष्टकोनी महाल तलावाच्या मध्यभागी असून तो पहिल्या मुर्तझा निजामशाहाच्या कारकीर्दीत (१५६५–८८) पूर्ण झाला. हुसेन निजामशाहाने (कार. १५५३–६५) भुईकोट किल्ल्याची तटबंदी दगडी केली. किल्ल्याभोवतीचा खंदक सु. ३० मी. रुंद व ४ ते ६ मी. खोल आहे.

पूरनियंत्रणाच्या दृष्टीने या वास्तूंची उपयुक्तता सारखी नाही. नहरींचा छेद लहान व उतार मंद असून त्या स्वच्छ पाण्यासाठी बांधलेल्या आहेत. रस्त्यांवरील गाळमिश्रित पाणी त्यांत सोडल्यास त्या लवकरच बुजतात. म्हणून त्यांना पावसाळी गटारे समजणे चुकीचे ठरते. याउलट खंदक व तलाव यांत पाणी काही काळ थोपवून पुराचा कमाल विसर्ग कमी करता येतो. किल्ल्याचा घेर सु. १·७ किमी. धरून खंदकात ४ मी. पाणी साठले, तर त्याची धारणक्षमता सु. २ लाख घ.मी. भरते. सुमारे ४ चौ. किमी. क्षेत्रावर पडलेल्या ५० मिमी. पावसाचे सर्व पाणी वाहून आले, तरी ते एवढ्या साठ्यात मावू शकते. मात्र हा हिशेब खंदक रिकामा असल्यासच खरा ठरतो. भरलेल्या तलावाला पूर अडविता येत नाही. म्हणून टंचाईग्रस्त प्रदेशात साठा राखून ठेवणे आणि पुरासाठी जागा मोकळी ठेवणे यांत विरोध उत्पन्न होतो.

हैदराबाद येथे १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने मोठी प्राणहानी झाल्यावर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी शहराच्या वरच्या बाजूस जलाशय सुचविले. त्यांतून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे पूरनियंत्रण व पाणीपुरवठा या दोन्ही हेतूंचे जलाशय निर्माण झाले. साठविलेल्या पाण्याच्या विध्वंसक शक्तीचा अनुभव नगरच्या परिसरालाही आहे. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मलिक अंबरने तेथील तलावाचे पाणी मोकळे सोडून मोगल व आदिलशाही फौजांची कोंडी केली होती. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अमदानीत या तलावाची सिंचनासाठी दुरुस्ती झाली. जुन्या जलवास्तूला नवे प्रयोजन देण्याचे ते एक स्थानिक उदाहरण होय.

असे रूपांतर करताना काही पथ्ये पाळावी लागतात. पाणी आत येण्यापूर्वी गाळ व तवंग अडविण्यासाठी स्वतंत्र कुंडे असावी लागतात आणि सांडपाणी पूर्णतः वेगळे काढावे लागते. साठा झपाट्याने उतरविल्यास भिंतीमागील ओल्या मातीचा दाब चुन्यातील दगडी बांधकामास ढकलतो. त्यामुळे विसर्ग सावकाश ठेवणे श्रेयस्कर असते. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांच्या बाबतीत १९५८ चा कायदा व त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार १०० मी.पर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मी.चा पट्टा नियंत्रित असतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने कोणत्याही योजनेस लष्कराची संमती आवश्यक ठरते. ओढ्यांची पात्रे भराव व बांधकामे यांनी अरुंद झाल्यास पाणी खंदकापर्यंत वा तलावापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून एकेका वास्तूच्या दुरुस्तीइतकेच तिच्या पाणलोटाचे व जोडमार्गांचे रक्षण महत्त्वाचे आहे.