संगणकशास्त्र आणि संगणक अभियांत्रिकी पदव्या

संगणकशास्त्र आणि संगणक अभियांत्रिकी हे संगणक विषयातील पदवी शिक्षणाचे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. नाशिकमधील अनेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथे संगणकशास्त्रासाठी बी.एस्सी., तर संगणक अभियांत्रिकीसाठी बी.ई. किंवा बी.टेक. ही पदवी दिली जाते.

नावांतील भेद
पाश्चात्त्य देशांत हा भेद प्रामुख्याने विषयाचा मानला जातो. संगणकशास्त्रात अल्गोरिदम, गणनसिद्धांत व सॉफ्टवेअर यांवर, तर संगणक अभियांत्रिकीत हार्डवेअरवर भर असतो. महाराष्ट्रात मात्र संगणक अभियांत्रिकीतही सॉफ्टवेअरचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील पदवीच्या नावात तर दोन्ही संज्ञा एकत्र येतात. त्यामुळे केवळ नावावरून अभ्यासक्रमाचे स्वरूप ठरविता येत नाही.

बी.एस्सी. (संगणकशास्त्र)
हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चौथ्या वर्षी ऑनर्स पदवीची सोय आहे. संगणकाच्या जोडीला गणित, संख्याशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स हे विषय शिकविले जातात. प्रवेश साधारणतः बारावीच्या गुणांवर महाविद्यालय स्तरावर होतो. नाशिकच्या केटीएचएम महाविद्यालयात हे शिक्षण उपलब्ध आहे.

संगणक अभियांत्रिकी
हा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. प्रथम वर्षात सर्व शाखांना समान असे गणित, भौतिकशास्त्र, यांत्रिकी व विद्युत अभियांत्रिकी हे विषय असतात. प्रवेश एमएचटी-सीईटी व केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेद्वारे होतो. २०० गुणांच्या या परीक्षेत गणिताला १०० गुण असतात. खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. २०२४-२५ पासून या प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र प्रवर्गांतील विद्यार्थिनींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. नाशिकमध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालयात ही शाखा आहे.

पुढील मार्ग
सीईटीत अपेक्षित गुण न मिळाल्यास अभियांत्रिकीचा मार्ग कायमचा बंद होत नाही. बारावीला गणित घेतलेल्या बी.एस्सी. पदवीधराला नियमांनुसार अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षासाठी अर्ज करता येतो. मात्र दोन्ही पदव्यांना मिळून सहा वर्षे लागतात. त्याऐवजी दोन वर्षांचे एम.एस्सी. किंवा एमसीए केल्यास पाच वर्षांत पदव्युत्तर पदवी मिळते. गेट परीक्षा दोन्ही पदवीधरांना देता येते.

निवडीचे निकष
राज्यसेवा व केंद्रीय नागरी सेवा परीक्षांना कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते. काही तांत्रिक पदांच्या जाहिरातींत मात्र अभियांत्रिकी पदवी किंवा एमसीए अशी स्पष्ट अट असते. म्हणून निवड करताना शुल्क, कालावधी, गणिताची आवड, प्रत्यक्ष अभ्यासक्रम आणि इच्छित पदाची पात्रता यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.