उघडें द्वार आणि द्वारपाल

मोटारीच्या स्टिअरिंगखालीं, चालकाच्या गुडघ्यापाशीं, १६ छिद्रांचा एक लहानसा खांचा असतो. गॅरेजांतील कारागीर त्यास ‘ओबीडी पोर्ट’ म्हणतात. वैद्यानें नाडीवर बोट ठेवावें, तसें कारागीर आपलें उपकरण त्या खांच्यास जोडतो आणि इंजिनाचें दुखणें ओळखतो.

या खांच्याचा जन्म लोकहिताच्या चिंतेंतून झाला. लॉस एंजेलिस शहर मोटारींच्या धुरानें कोंडलें होतें. धूर रोखणारीं साधनें बिघडल्यास मोटारीनेंच तशी वर्दी द्यावी, असा नियम कॅलिफोर्नियाच्या वायुसंपत्ति-मंडळानें १९८८ च्या मोटारींपासून लागू केला. पुढें १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींस एकाच घाटाचा खांचा सक्तीचा झाला. लहान कारागिरासही कोणत्याही कारखान्याच्या गाडीची परीक्षा करतां येऊं लागली.

मोटारीच्या पोटांतील संगणक ज्या तारांवरून परस्परांशीं बोलतात, त्या ‘कॅन’ नामक जाळ्याची योजना जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९८६ सालीं जाहीर केली होती. त्या जाळ्यांत संदेश येतो, पण पाठविणाऱ्याची ओळख येत नाहीं. ऐकणारा निमूटपणें आज्ञा पाळतो. खांचा याच जाळ्याशीं जोडला गेला, आणि घरांत परक्यास वाट मिळाली.

२०१० सालीं वॉशिंग्टन व सॅन डिएगो येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं खांच्यास संगणक जोडून बंद धांवपट्टीवर प्रयोग केला. चालकानें पाय दाबला, तरी ब्रेक लागेना! २०१५ सालीं तर विम्याच्या हिशेबासाठीं खांच्यांत बसविण्याच्या यंत्रास मोबाइलवरून संदेश धाडून, मंद चालणाऱ्या एका कॉर्व्हेटचे ब्रेक सॅन डिएगोच्या संशोधकांनीं दुरूनच निकामी केले.

मग खांचा बुजवावा काय? तसें केल्यास धुराची परीक्षा अडते आणि कारागिराची भाकर जाते. म्हणून २०१८ च्या कांहीं गाड्यांपासून फियाट क्रायस्लर कंपनीनें खांच्याच्या आंत द्वारपाल बसविला. दोष वाचण्यास मोकळीक, परंतु आज्ञा देण्यापूर्वीं ओळख पटविणें आवश्यक. संयुक्त राष्ट्रांच्या १५५ क्रमांकाच्या नियमानें सायबर-संरक्षण युरोपीय संघांत जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांस बंधनकारक झालें.

प्रश्न उरतो तो किल्लीचा. ती केवळ कारखानदाराच्या कमरेस राहिली, तर संरक्षणाच्या नांवाखालीं मक्ता निर्माण होतो. निदानाचीं साधनें स्वतंत्र कारागिरांसही रास्त अटींवर मिळावींत, असा कायदा मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१२ सालींच केला, तो याच भयानें. द्वारपाल अवश्य असावा. मात्र चोरास अडवितांना त्यानें वैद्यास उंबऱ्याबाहेर ठेवूं नये.