जांभळे पाणी : विहीर, पटकी आणि सर्पदंश

१/
वडसा (देसाईगंज) वैनगंगेच्या काठी वसले आहे. ब्रिटिश काळात हा मुलूख मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. नळ येण्यापूर्वी पिण्याचे पाणी म्हणजे विहीर, तलाव किंवा नदी. पटकीची साथ शिरली की तेच पाणी घरोघरी मृत्यू पोहोचवी. त्या विहिरींसाठी एक उपाय पुढे आला : पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे स्फटिक.

२/
या द्रव्याची कथा १६५९ पासून सुरू होते. योहान ग्लाउबर या जर्मन रसायनवेत्त्याने मँगनीजचे काळे खनिज पोटॅशियम कार्बोनेटबरोबर वितळवले. ते पाण्यात विरघळवताच द्रावण आधी हिरवे, मग जांभळे आणि शेवटी लाल झाले.

३/
असे मँगनीज खनिज वैनगंगेच्याच खोऱ्यात सापडते. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गची खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातून परदेशी गेलेले बहुतेक मँगनीज पोलादाच्या भट्ट्यांसाठी होते.

४/
परमँगनेटला जंतुनाशक म्हणून बाजारात आणले ते लंडनच्या हेन्री काँडी याने, १८५७ च्या सुमारास. जखमा धुणे, गुळण्या करणे, दुर्गंधी घालवणे अशा अनेक कामांसाठी ‘काँडीज फ्लुइड’ घराघरांत पोहोचले.

५/
१८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवून दिला. पुढे १८९२ पासून आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन याने विहिरींत परमँगनेट टाकण्याच्या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. मध्य प्रांतही त्याच्या कार्यक्षेत्रात होता.

६/
पद्धत सोपी होती. स्फटिक बादलीत विरघळवून ते पाणी विहिरीत ओतायचे आणि रंग पाहायचा. परमँगनेट सेंद्रिय घाणीचे ऑक्सिडीकरण करते. त्यात ते स्वतः खर्ची पडते आणि जांभळा रंग तपकिरी होतो. रंग लगेच उडाला, तर मात्रा अपुरी. फिकट गुलाबी छटा तासन्‌तास टिकली, तर घाणीला पुरून औषध उरले. प्रयोगशाळा नसलेल्या गावाला डोळ्यांनी करता येणारी ही परीक्षा होती.

७/
परंतु हीच त्याची मर्यादाही होती. गाळाने भरलेल्या विहिरीत औषध गाळातच संपे. शिवाय जंतू मारण्यास वेळ लागे, आणि उपसा सुरू राहिला की नवी घाण पुन्हा आत येई. म्हणूनच पुढे क्लोरीनयुक्त ब्लिचिंग पावडरने त्याची जागा घेतली. आज ग्रामपंचायती पाण्यात ‘टीसीएल’ टाकतात, ती याच बदलाची परिणती.

८/
या जंगलपट्टीत दुसरे भय सापाचे. १९०४ मध्ये लॉडर ब्रंटन, जोसेफ फेरर आणि लिओनार्ड रॉजर्स यांनी दंशाच्या जागी चीर देऊन त्यात परमँगनेटचे स्फटिक चोळण्याचा उपाय मांडला. काचपात्रात हे द्रव्य विष निकामी करते, हा त्यामागील आधार. एका टोकाला पाते आणि दुसऱ्या टोकाला स्फटिकांची पोकळी असलेले छोटे हत्यारही निघाले.

९/
शरीर मात्र काचपात्र नव्हे. विष ऊतींत झपाट्याने पसरते. स्फटिक मात्र प्रथम स्पर्श होईल त्या मांसाचेच ऑक्सिडीकरण करतात. विष पुढे निघून जाई, मागे भाजल्यासारखी जखम उरे. त्याहून मोठी हानी वेळेची : उपचार झाला या समजुतीत मोलाचे तास वाया जात. आज चीर देणे आणि जखमेत रसायन भरणे, दोन्ही निषिद्ध आहेत. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला तातडीने प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात नेणे, हाच मार्ग.

१०/
परमँगनेट मात्र बाद झाले नाही. पाझरणाऱ्या त्वचारोगांत आणि जखमांत १ : १०,००० प्रमाणाचे, म्हणजे १ लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅमचे, सौम्य द्रावण वैद्यकीय सल्ल्याने आजही वापरले जाते. कोरडे स्फटिक त्वचा जाळतात आणि पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकतात. एकच द्रव्य विहिरीत उपयोगी ठरले आणि सर्पदंशात घातक. औषधाचा गुण जितका द्रव्यात, तितकाच त्याची जागा व मात्रा ओळखण्यात असतो, हा या जांभळ्या स्फटिकांच्या इतिहासाचा धडा.